बिनडाळ्याचे गोळे

"पीठ नाई, डाळे नाई, पावाचा चुरा नाई. मंग खिम्याचे गोळे काय थुंकी लावून वळू का जी?"

शेजारच्या वैनींचा प्रश्न मला होता, पण आवाज मुद्दाम त्यांच्याच घरात ऐकू जाईल असा लावलेला. आमच्या आणि वैनींच्या घरामध्ये तुराट्यांचं कुंपण आहे. त्यावर वालाची वेल चढलीय आणि वेलीत एक खिंडार आम्ही दोघींनी राखून ठेवलंय, ताटली सांडल्याशिवाय पलीकडं जाईल एवढं. आमच्या जैनथ गावच्या निम्म्या बातम्या या खिंडारातून जातात, उरलेल्या देवळाच्या पायऱ्यांवरून. आजची बातमी अशी होती की वैनींचा पोरगा हैदराबादहून घरी आलाय, लॅपटॉप लावून इथूनच नोकरी करतोय, आणि तो पॅलिओ झालाय.

"झालाय म्हणजे?" मला वाटलं कुठल्या बुवाच्या नादी लागला की काय.

"जेवन हाय जी ते. आदिमानवासारखं जेवाचं. शेती सुरू व्हाच्या आंधी मानूस जे खाये तेच खाचं. मटन, मासोळी, अंडे, भाजीपाला, फळं. भाकर बंद, पोळी बंद, भात बंद, वरन बंद, दूध-दही बंद. साखर तं बंदच बंद."

वैनींच्या सासूबाई खाटेवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. थंडीत सगळ्या तेलंगणात आमचा आदिलाबाद जिल्हा जास्त गारठतो, त्यामुळं आजींची खाट उन्हामागं अंगणभर फिरत असते. त्या मान वर न करता म्हणाल्या, "आदिमानव म्हने! त्याच्यापाशी खिम्याची मशीन होती का वं?"

पोरगा आत मीटिंगमध्ये होता म्हणून वाचला.

वैनींचं दुःख खरं होतं. घराच्या पुढच्या खोलीत सोयाबीनची पोती रचलेली, मागं कापसाचा ढीग, शेतात तूर उभी, कोठीत ज्वारी. आणि पोराच्या नव्या नेमात यातलं काहीच बसत नाही. ज्वारी धान्य म्हणून बाद, तूर डाळ म्हणून बाद. सोयाबीन कडधान्य, म्हणून तेलासकट बाद. सरकीचं तेल कारखान्यात निघतं म्हणून बाद. शेंगदाणासुद्धा मुळात कडधान्याच्या कुळातला, म्हणून तोही गेला. ज्या पिकांवर त्याच्या इंजिनिअरिंगची फी भरली, त्यांतलं एकही त्याच्या ताटात यायला लायक राहिलं नाही. वैनींचे मालक रात्री एवढंच म्हणाले म्हणे, "मंग वावर विकून बकऱ्या घेऊ का?"

मी जन्मभर मराठी शाळेत मास्तरीण. गाव तेलंगणात, शाळा मराठीत, असं आमच्याकडं असतं. 1956 साली राज्यांच्या सीमा आखल्या तेव्हा जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तालुके तिकडच्या राज्यात गेले, आम्ही इकडं राहिलो. वैनींचं माहेर पांढरकवड्याचं. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र, पण चटणीची चव काही पुलावर बदलत नाही. तर सांगायचं हे, की निवृत्त झाले तरी मला कुणी नवं खूळ सांगितलं की त्याचा जन्मदाखला शोधायची खोड आहे. पोराला खिंडारातूनच विचारलं. त्यानं नीट उत्तर दिलं, पोरगा हुशारच आहे. 1985 साली अमेरिकेत बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या दोघांनी वैद्यकाच्या मोठ्या नियतकालिकात लेख लिहिला, की माणसाचं शरीर घडलं शिकारी आणि कंदमुळं खोदणाऱ्या काळात आणि जेवण मात्र त्याचं शेतीनंतर बदललं, म्हणून हे आजार. पुढं 2002 साली लॉरेन कॉर्डेननं त्यावर पुस्तक काढलं आणि मग जिमवाल्यांच्या हातात ते सापडलं.

"आणि जातं?" मी विचारलं.

"जातं शेतीनंतरचं, बाई."

इथं मी त्याला धरलं. 2010 साली इटली, रशिया आणि झेक देशात सापडलेल्या दगडांची तपासणी झाली. साधारण 30,000 वर्षांपूर्वीचे दगड. त्यांच्यावर पिठूळ कण चिकटलेले निघाले, रानवनस्पतींची मुळं कुटल्याचे. शेतीचा पत्ता नव्हता तेव्हा कुणीतरी बसून पीठ करत होतं.

आजींनी पहिल्यांदाच मान वर केली. "मी म्हनत होती नं. दळनातून बाई कोन्या काळात सुटली नाई."

एवढ्यात मागच्या गल्लीतल्या अक्का आल्या. अक्का तेलुगू, पण मराठी आमच्यासारखंच बोलतात, फक्त रागावल्या की तेलुगूत जातात. डाएटच्या बाबतीत आमच्या आळीत त्या सगळ्यांत अनुभवी. तेलुगू मुलखात मधे वीरमाचनेनी रामकृष्णा यांच्या आहाराची लाट आली होती, व्हीआरके म्हणायचे. दिवसाला 70 ग्रॅम तरी तेल-तूप-खोबरेल पोटात जायला पाहिजे, 3 लिंबं, 4 लिटर पाणी, आणि भाताचं शीत नको. अक्कांनी ते केलेलं. त्या काळात किराणा दुकानदार त्यांना खोबरेलाची बाटली देताना विचारायचा, डोक्याला की पोटाला? उतरल्या होत्या चांगल्या, ब्लाउज सगळे दोन-दोन टाके आत. मग संक्रांत आली. आणि तेलंगणातल्या बाईनं संक्रांतीला तांदळाच्या पिठाची सकिनालू वळायची आणि तोंडात टाकायची नाही, हे कुठल्या शास्त्रात बसतं?

"एक खाल्ली," अक्का म्हणाल्या. "मग डबा संपला."

आमच्या घरीही एक पर्व होऊन गेलंय. ते महाराष्ट्रातल्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या आहाराचं. दिवसातून दोनदाच जेवायचं, 55 मिनिटांत उरकायचं, मधे काही नाही. मूळ सांगणारे नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार. आमचे हे माळकरी, उपवासाची सवय, त्यामुळं त्यांना जमलं. फक्त ते 55 मिनिटं पूर्ण वसूल करायचे. एरवी दहा मिनिटांत उठणारा माणूस घड्याळाकडं बघत तिसरी भाकरी मागायला लागला. ते असो.

यांच्या गळ्यात माळ, म्हणून आमच्या चुलीवर मटण चढत नाही. माझ्या गळ्यात नाही, म्हणून कुंपणाला खिंडार आहे. वैनींकडंही आता मार्गशीर्षाचे गुरुवार पाळलेले, त्यामुळं मटणाचं पातेलं मागच्या अंगणातल्या चुलीवर, बाकीच्या भांड्यांपासून वेगळं. चूल माझ्या खिंडारापासून चार हातांवर. पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय.

आदल्या संध्याकाळी वैनींचा पहिला घाणा फसला होता. गोळे रश्श्यात सोडले आणि बघता बघता पातेल्यात खिम्याची आमटी झाली. आळीत असा निकाल लागला होता की डाळे नव्हते म्हणून विरघळले. मी विचारलं, आणखी काय घातलं होतं? तर कुणाच्या तरी सांगण्यावरून कच्च्या पपईचा कीस घातला होता, मटण मऊ व्हावं म्हणून. झालं! पपईच्या चिकातलं द्रव्य मांसाचे धागे तोडतं. अख्ख्या फोडींना, निबर मटणाला ते ठीक. खिमा आधीच मशीनमधून निघून बारीक झालेला. त्याला पपई लावली की उरलंसुरलं बांधणारंच निघून जातं. त्यात खिमा आणल्यावर धुतलेला. धुतलेला खिमा पाणी धरतो आणि तेच पाणी चुलीवर गोळा फोडून बाहेर येतं. धुवायचं तर मटण धुवायचं, निथळायचं, मग खाटकाला मशीन लावायला सांगायचं. त्याचं मशीन धुतलंय का ते उभं राहून बघायचं, लाजायचं नाही.

दुसऱ्या दिवशी वैनी स्वतः खाटकाकडं गेल्या. अर्धा किलो, बकऱ्याच्या रानाचं, आणि वर मूठभर चरबी मागून घेतली. बकऱ्याचं रान तसं रुक्ष. पाचवा हिस्सा तरी चरबी नसली तर गोळा शिजून कडक होतो, दाताला लागतो. मशीनमधून दोनदा काढून आणलं.

आता खरी गोष्ट. खिम्यात पहिल्यांदा फक्त मीठ. मसाला नाही, कांदा नाही. अर्ध्या किलोला लहान चमच्याचा दीड चमचा, सपाट. आणि मग मळायचं. मीठ मांसात भिनलं की त्यातलं चिकट प्रथिन सुटतं, तेच पुढं आचेवर घट्ट होऊन सगळं धरून ठेवतं. डाळ्यांचं कामच नाही तिथं. वैनींनी परातीत घेतला आणि हाताच्या टाचेनं रेटायला लागल्या. आधी खिमा सुटा सुटा, बोटांतून घसरणारा, लाल. थोड्या वेळानं रंग फिका पडला, कणीकण दिसेनासा झाला आणि परातीच्या कडेला तार धरायला लागला. मी म्हटलं, आता तळहात उलटा करा. त्यांनी गोळा हाताला चिकटवून हात उपडा केला, खाली पडला नाही.

"बाप्पा!" वैनी म्हणाल्या. "हे मले कोनी सांगतलंच नाई."

"सांगतलं असतं," आजी खाटेवरून, "पन तुले मळाचा कंटाळा."

मग बाकीचं. आलं-लसणाचा ठेचा, कोथिंबीर, हिरवी मिरची. कांदा अगदी बारीक चिरून, मुठीत पिळून पाणी काढलेला. न पिळता घातला तर तोही गोळा फोडतो. मसाला वैनींच्या माहेरचा, वऱ्हाडी हाताचा: धने, शहाजिरं, काळी मिरी, लवंग, दालचिनी, मसाला वेलदोडा, तेजपान आणि मूठभर दगडफूल. हे सगळं लोखंडी तव्यावर कोरडं भाजून पाट्यावर. दगडफूल शेवटी टाकायचं, लगेच करपतं. वाटायला लागल्या तेव्हा अक्कांना शिंका आल्या, माझ्या ह्यांनी घरातून विचारलं काय चाललंय, मी म्हटलं वैनी मसाला करताहेत. खोटं काही बोलले नाही.

त्यात भाजलेलं सुकं खोबरं आणि भिजवून वाटलेली खसखस थोडी गोळ्यात, बरीचशी रश्श्याला. नागपूरकडचे सावजी लोक, हलबा कोष्टी समाजातले, रश्श्याला दाटपणा यावा म्हणून ज्वारीचं पीठ लावतात. इथं ते चालणार नव्हतं, तर खोबरं-खसखसच वाढवली. सावजी रस्सा पूर्वी जवसाच्या तेलात व्हायचा, हेही मी पोराला ऐकवलं, तो म्हणाला जवस चालेल बहुतेक. या 'बहुतेक'वरच त्यांचं सगळं शास्त्र उभं आहे असा मला संशय आहे. तूप काहींना चालतं, काहींना नाही. चिंच तर झाडाच्या कुळानं डाळींचीच बहीण, पण तिचा कोळ चालतो. आमच्याकडं आंबटाला अंबाडीचा पाला होता, तेलुगू लोक गोंगुरा म्हणतात तो. त्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. दह्याची जागा त्यानं घेतली आणि मला विचाराल तर दह्यापेक्षा बरी घेतली.

मिसळून झाल्यावर परात ओल्या फडक्यानं झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये. चरबी गार आणि घट्ट राहिली की गोळा नीट वळतो. हाताच्या उबेनं ती पातळ झाली की पुन्हा चिकट लगदा. मग हाताला खोबरेल लावून लिंबाएवढे गोळे. मोठे केले की वरून शिजतात आणि मधे लाल राहतात. खिम्याला हे चालत नाही. अख्ख्या फोडीत घाण बाहेरच्या बाजूला असते, मशीनमधून काढला की ती आतपर्यंत जाते. म्हणून एक गोळा मोडून बघायचा, आत गुलाबी दिसता कामा नये.

लोखंडी कढईत थोड्या खोबरेलात गोळे चारी बाजूंनी तांबूस करून घेतले. वैनींचा हात पलट्याकडं गेला, आजी ओरडल्या. पहिल्यांदा हात लावायचा नाही. गोळा स्वतःहून कढई सोडतो, मग फिरवायचा. तिकडं पातेल्यात वाटण परतून, भिवापुरी मिरचीचं तिखट घालून, अंबाडीचा पाला आणि गरम पाणी घालून रस्सा उकळत होता. गोळे एकेक करून सोडले, जाळ ओढून कमी केला. त्यानंतर चमचा नाही. फडक्यानं पातेल्याचे कान धरून नुसतं गोल हलवायचं. वीस मिनिटं.

त्या वीस मिनिटांत आजी बोलल्या ते मला फार पटलं, म्हणून सांगते.

अक्कांनी विचारलं, "आजी, मग आपण डाळे घालत होतो ते कशाला? बांधायला नाही तर कशाला?"

"मानसं किती होते घरात!" आजी म्हणाल्या. "मी लगन होऊन आली तेव्हा पंगतीले रोज बारा-पंधरा ताटं. मटन कवा तं पोळा, नाईतं जावई आला तं. अर्धा किलो खिमा आनाचा आन पाव किलो डाळे दळून टाकाचे. सासू म्हने, सगळ्यायच्या रश्श्यात गोळा दिसला पाह्यजे. पोरायले तं दोन. डाळे कोनासाठी होते? मानसायसाठी."

मी शाळेत वर्षानुवर्षं अर्थशास्त्राचा धडा शिकवला, पण असा शिकवला नाही. गोळाभाताचंही तसंच की. मटण नसलं की हरभऱ्याच्या डाळीचे गोळे भातात शिजवून वर फोडणीचं तेल. गोळा पाहिजेच, आत काय आहे ते घरच्या परिस्थितीवर. आता पोरगा एकटा, पगार महिन्याच्या महिन्याला येतो, तो अख्खा गोळा मांसाचा खाऊ शकतो. त्याला तो आदिमानवाचा आहार म्हणतो. मला तो लहान कुटुंबाचा वाटतो. चार माणसांच्या घरात रोज असं जेवायचं तर कापसाचा भाव तपासून जेवावं लागेल.

रस्सा मुरेपर्यंत मला राहवेना, मी पोराला देवळाची गोष्ट सांगितली. तो खाटेच्या कडेला येऊन बसला होता वासानं. आमच्या लक्ष्मीनारायणाच्या देवळाला लोक लांबून येतात, कार्तिकात ब्रह्मोत्सव होतो, गर्दी असते. पण जैनथचा जो संस्कृत शिलालेख आहे त्यातलं किती जणांना ठाऊक असतं? त्यात परमार घराण्यातल्या जगद्देवाचं नाव आहे, माळव्याच्या उदयादित्याचा मुलगा, भोजराजाचा पुतण्या. त्याचा मंत्री लोलार्क, आणि लोलार्काची बायको पद्मावती. तिनं इथं निंबादित्याचं, म्हणजे सूर्याचं देऊळ बांधवलं. हा जगद्देव घरचं राज्य सोडून कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या पदरी येऊन राहिलेला, सहाव्या विक्रमादित्याच्या. आणि विक्रमादित्याचा मुलगा कोण? तिसरा सोमेश्वर, 1126 साली गादीवर बसला, मानसोल्लास लिहिणारा.

"त्याचं काय?"

"त्यात राजाच्या जेवणाचा अख्खा भाग आहे. अन्नभोग. मांसाचे प्रकार बघ त्यात. मांस बारीक करून वांग्यात भरलेलं. डुकराचं भाजलेलं. नदीकाठच्या शेतातले उंदीर गरम तेलात टाकून, केस काढून, तेसुद्धा."

"अय्यो!" अक्का तेलुगूत गेल्या.

"ज्या राजाच्या आश्रयाला आपल्या जैनथचा धनी राहत होता, त्याच्या घरचं जेवण आहे हे. नऊशे वर्षांपूर्वीचं. आणि त्यात मिरची नाही. तिखटाला मिरी, आलं, हिंग. मिरची पोर्तुगीजांच्या जहाजातून आली पुढं चारशे वर्षांनी. तुझ्या आदिमानवानं तर तिचं तोंडही पाहिलं नव्हतं. आता रश्श्यातलं हे भिवापुरी काढून टाकायचं का?"

पोरगा रश्श्याकडं बघून म्हणाला, "मिरची चालते."

"बहुतेक," मी म्हटलं.

त्याच्यावर हसलो खरं, पण त्याचं सगळंच उडवून लावण्यासारखं नाही. शहरात तो काय खात होता ते वैनींनी सांगितलं: सकाळी बिस्किटं, दुपारी मैद्याचा रोल, रात्री बिर्याणी मागवायची आणि वर थंड पेय. ते सुटलं, हातानं बाजार करायला लागला, वजन उतरलं, गुडघा दुखायचा थांबला. हे पॅलिओमुळं की नुसतं पाकिटातलं सुटल्यामुळं, ते तो सांगू शकत नाही आणि मी विचारत नाही. एकच गोष्ट मी कडक आवाजात सांगितली, शाळेतल्या. त्याचे वडील, वैनींचे मालक, साखरेच्या गोळ्या घेतात. ते पोराचं बघून "मीबी भाकर सोडतो" म्हणत होते. गोळी चालू ठेवून भाकरी एकदम सोडली तर साखर खाली जाऊन माणूस बांधावर आडवा होतो. डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यानं तर दोन वेळा मटणाचा विचारही डॉक्टरशिवाय करू नये. मालकांनी ऐकलं. भाकरी सोडायची नाही हे ऐकून त्यांच्या तोंडावर जे आलं ते दुःख नव्हतं.

खिंडारातून वाटी आली. गोळा चमच्यानं दाबला तर मोडला, विरघळला नाही. डाळ्याचा गोळा आतून पिठूळ आणि रस पिऊन बसलेला असतो. हा तसा नाही. आतून ओलसर, चरबीचा, आणि मसाल्याच्या आधी मांसाची चव. दगडफूल शेवटी घशाशी. रस्सा मात्र थोडा जास्त अंगावर येतो, कारण खोबरं-खसखस दोन्ही तेल सोडणारी. त्याला भाकरी पाहिजेच, जीभ शोधत राहते. पोरगा भाकरीच्या जागी उकडलेलं रताळं खात होता. रताळं गोड, रस्सा तिखट, वाईट नाही लागत. मी माझ्या घरून भाकरी आणली. कुठल्याही आदिमानवाची मला भीती नाही.

मालकांनी चार गोळे भाकरीवर कुस्करून खाल्ले आणि काही बोलले नाहीत, म्हणजे आवडले. अक्कांनी दोन गोळे घरी नेले आणि संध्याकाळी निरोप पाठवला की त्यांनी त्यात भात घालून खाल्ला.

आता खरी काळजी निराळीच आहे आणि ती वैनींनी भांडी घासताना, आवाज एकदम खाली आणून सांगितली. शुक्रवारी पांढरकवड्याला मुलगी बघायला जायचंय. घर चांगलं, मुलगी बी. फार्म, बापाची जिनिंगमध्ये ओळख. आणि तिथं बशी येणार पोह्यांची. वरून शेंगदाणे, वरून शेव, सोबत साखरेचा चहा, दुधाचा. म्हणजे नेम मोडणाऱ्या सगळ्या वस्तू एकाच ट्रेमध्ये, आणि त्या ट्रेमागं मुलगी.

"त्याले म्हन्लं, एक घास तं खा. तं म्हनते, आई, मी त्यायले आंधीच फोन करून सांगतो का मले पोहे चालत नाई."

"फोन करू देऊ नका," मी म्हटलं.

"फोन काढून घेतला त्याचा."

आजी आतून म्हणाल्या, "पोरीच्या मायले वाटन पोट्ट्याले काई बिमारी हाय."

अक्कांचं म्हणणं, मुलीलाच विचारा, आजकालच्या मुलीही असलं काहीतरी करतात, जुळेलही. मालकांचं म्हणणं, पोहे मी खाईन, त्याच्या वाट्याचेही. वैनी गाडीत डब्यात चार गोळे घेऊन जायच्या विचारात आहेत, निघताना पोटात घालायला, म्हणजे तिथं भूक नसल्याचं खरंखुरं सांगता येईल. पण मसाल्याचा वास तोंडाला राहील आणि मुलीकडचे निघाले माळकरी तर? म्हणून उद्या मी माझ्या ह्यांना विचारणार आहे, पांढरकवड्याच्या त्या घरात कुणी वारी करतं का.